कायदा व्हायला किती वेळ लागतो?

कतारच्या शूरा परिषदेत किमान ४५ सदस्य असतात. भारताच्या संसदेत दोन सभागृहं आहेत: लोकसभा आणि राज्यसभा. नव्या कायद्याच्या मसुद्याला विधेयक म्हणतात. दोन्हीकडे ते मंजूर झालं, की राष्ट्रपती सही करतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हिंदू कोड बिलात मुलींनाही वडिलांच्या मालमत्तेत वाटा होता. विरोध झाला, चर्चा लांबतच गेली. शेवटी १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. पुढे १९५५-५६ मध्ये त्याचेच चार कायदे झाले.

उलट २९ नोव्हेंबर २०२१ ला तीन शेती कायदे रद्द करणारं विधेयक एकाच दिवसात, जवळजवळ चर्चेशिवाय मंजूर! वर्षभर आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांना तेच हवं होतं. तरी मला वाटतं, आधी काय चुकलं त्यावर सभागृहात बोलणं व्हायला हवं होतं.