तरुण कबड्डीपटूंचा कस कसा ओळखावा

प्रो कबड्डीतल्या कोणत्या संघाची तरुण फळी दमदार, यावर पाचोऱ्यात वाद रंगला की आधी एकूण गुण मोजले जातात. हे माप अपुरे आहे. ज्याच्या वाट्याला चढाया जास्त, त्याचे गुण जास्त. शेवटची काही मिनिटे बदली म्हणून उतरणाऱ्या पोराला ती संधीच नसते. म्हणून दर चढाईमागे गुण किती, हे पाहावे. त्याहून महत्त्वाची ‘डू ऑर डाय’ चढाई: आधीच्या दोन रिकाम्या गेलेल्या, आता तीस सेकंदांत गुण आणायचा, नाहीतर बाद. तिथे पोराचा कस लागतो.

पुणेरी पलटणने अस्लम इनामदार आणि मोहित गोयत यांना नवखे असताना घडवले. १ मार्च २०२४ रोजी अस्लमच्याच नेतृत्वाखाली हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून संघ प्रथमच विजेता झाला. कुणी म्हणेल, हे यश २ कोटी ३५ लाखांना घेतलेल्या मोहम्मदरेझा शादलुईचे. त्याच्या पकडींचे मोल मोठेच. पण लिलावातला पैसा मर्यादित असतो, आणि चढाईचा भार घरच्या पोरांनी उचलला म्हणूनच एका खेळाडूवर एवढी रक्कम लावता आली. थोड्या सामन्यांवरून निकाल देऊ नये, हा आक्षेप मात्र मान्य. निदान दोन हंगाम थांबावे, कारण पहिल्या हंगामानंतर समोरचे बचावपटू नव्या चढाईपटूच्या हालचाली ओळखू लागतात.