देह गोठविण्याची इच्छा आणि शुश्रूषा करणारीचे मत

मृत्यूनंतर देह उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जतन करावयाचा आणि भावी वैद्यक त्यास पुनश्च जिवंत करील अशी आशा धरावयाची, या खटाटोपास 'क्रायोनिक्स' म्हणतात. रॉबर्ट एटिंगर यांच्या १९६४ मधील ग्रंथामुळे अमेरिकेत ही कल्पना रुजली. १९६७ मध्ये गोठविलेला जेम्स बेडफर्ड यांचा देह आजही जतन केलेला आहे; मात्र असा एकही देह आजवर पुनरुज्जीवित झालेला नाही.

यासाठी नाव नोंदविणाऱ्यांत पुरुषच बहुसंख्य आहेत. अनेकांच्या पत्नींचा त्यास इतका विरोध असतो की, २००८ मध्ये या चळवळीतील लेखकांनीच त्याला 'वैरी पत्नी' असे नाव दिले. अर्थशास्त्रज्ञ रॉबिन हॅन्सन यांच्या घरातील असा मतभेद २०१० मध्ये वृत्तपत्रांतून गाजला. त्यांच्या पत्नी मरणासन्न रुग्णांच्या सेवेत काम करीत, ही गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते. या पद्धतीत मृत्यू घोषित होताच देह तंत्रज्ञांच्या स्वाधीन करावा लागतो. उशाशी बसलेल्या पत्नीस तो अखेरचा निवांत निरोपही उरत नाही. तिच्या विरोधास वैर म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

तथापि हा स्त्रीस्वभावच, असेही म्हणता येत नाही. २०१६ मध्ये इंग्लंडमधील १४ वर्षांच्या कर्करोगग्रस्त मुलीने हीच इच्छा धरली. आई अनुकूल होती, वडिलांचा आक्षेप होता. उच्च न्यायालयाने निर्णयाधिकार आईस दिला.

आयुर्वेदाने शरीर, इंद्रिये, सत्त्व व आत्मा यांच्या संयोगास आयु म्हटले आहे. केवळ शरीर राखल्याने आयु राखले जात नाही, हे वैद्यांस सांगणे नलगे. परंतु आपणही एक चूक करतो. अरिष्टलक्षणे दिसू लागली की आपण मुलाशी किंवा पतीशी बोलतो; रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीस विचारीत नाही. औषधालयातही महागडे रसायन मागावयास येतो तो बहुधा पुरुष, आणि ते रुग्णाच्या घशाखाली उतरते की नाही हे ठाऊक असते घरातील स्त्रीस.

म्हणून आमची विनंती एवढीच : अंतकाळीची चिकित्सा ठरविताना प्रथम रुग्णाची इच्छा विचारावी आणि त्यानंतर उशाशी बसणारीचे म्हणणे ऐकावे. तिचा नकार हा पुष्कळदा रुग्णाच्या क्लेशांचा सर्वांत खरा वृत्तान्त असतो.