बंदूक उसळते, अंगठा शिकतो

रिकाम्या भिंतीकडे तोंड करायचं, एके-47 चा चाप दाबून धरायचा आणि माउस जराही हलवायचा नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये असं केलं की मॅगझिनमधल्या तीस गोळ्या भिंतीवर एक आकृती काढतात. सुरुवातीच्या सात-आठ गोळ्या चढत वर जातात, नंतरच्या आडव्या पसरतात, कधी या अंगाला, कधी त्या. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा झाडल्या तरी आकृती जवळपास तीच. बंदुकीची ही उसळी, खेळणाऱ्यांच्या भाषेत ‘रिकॉइल’, लहरीवर सोडलेली नाही. ती प्रोग्राममध्ये लिहून ठेवलेली आहे. म्हणूनच ती पाठ करता येते. आकृती वर चढते तेवढा माउस खाली ओढायचा, ती डावीकडे वळली की हात उजवीकडे न्यायचा. हे अंगवळणी पडलं की अख्खा फवारा, म्हणजे ‘स्प्रे’, माणसाच्या छातीएवढ्या जागेत बसतो. त्यासाठी पोरं भिंतीसमोर तासन्‌तास गोळ्या झाडत बसतात.

बाजूला बसलेल्या वडीलधाऱ्यांना यातलं काही दिसत नाही. त्यांना ऐकू येते ती नुसती धाडधाड. पण या खेळांत स्पर्धा होतात, त्यांना बक्षिसं असतात, व्यावसायिक संघ आहेत, आणि त्या सगळ्याच्या मुळाशी एक जुनाच प्रश्न आहे: जिंकलं कोण, बंदूक की हात?

खेळ तयार करणारा माणूस प्रत्येक हत्यारामागे या प्रश्नाचा हिशोब मांडतो. तो जाणूनबुजून बंदुकीत खोट ठेवतो. कारण जिथे निशाण तिथेच गोळी, असं असतं तर नवशिका आणि मुरलेला खेळाडू यांत फरकच उरला नसता. उलट गोळी कुठेही जाऊ लागली, तर सराव करून उपयोग काय? स्पर्धेच्या लायकीची बंदूक या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असते. ती त्रास देते, पण तो त्रास शिकता येतो.

हिशोब किती बारीक असतो ते आकड्यांतच कळतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये खेळाडूचे प्राण 100. एके-47 ची गोळी हेल्मेट घातलेल्या डोक्यात बसली तरी जवळून शंभराच्या वर इजा करते. एका गोळीत खेळ खलास. समोरच्या पक्षाच्या एम-4 ए-4 रायफलची गोळी त्याच हेल्मेटवर जवळून 92 च इजा करते. आठ प्राण शिल्लक राहतात, आणि तेवढ्यावर माणूस उलटून गोळी घालू शकतो. तरी खेळातल्या पैशांत एम-4 महाग आणि एके स्वस्त. हा अन्याय मुद्दाम केलेला आहे. एकेची उसळी जास्त, हाताला आवरायला अवघड. ज्याला ती आवरली त्याला एका गोळीचं बक्षीस.

‘व्हॅलोरंट’मध्ये हाच सौदा अंतरावर ठरतो. 2020 च्या जूनमध्ये आलेल्या या खेळात ‘व्हँडल’ आणि ‘फँटम’ या दोन रायफली 2900 च्या एकाच भावाने मिळतात. अनेक वर्षं चाललेला हिशोब असा: पूर्ण चिलखतासह खेळाडूचे प्राण 150. व्हँडलचा हेडशॉट कितीही लांबून 160. फँटमचा 15 मीटरपर्यंत 156, त्यापुढे 140 किंवा त्याहून कमी. म्हणजे सोळाव्या मीटरवर समोरचा दहा प्राणांवर जिवंत राहतो. पण फँटम भरभर झाडते, तिच्यात गोळ्याही जास्त. कोणती घ्यावी यावर कॉलेजच्या कट्ट्यांवर वाद घालणारी मुलं खरं तर स्वतःच्या हाताचीच परीक्षा करत असतात: पहिली गोळी डोक्यात बसण्याची खात्री आहे, की नाही?

आणखी एक खोट नव्या माणसाला हमखास नडते. पळता पळता झाडलेली गोळी भरकटते. त्यामुळे मुरलेला खेळाडू झाडण्याआधी थांबतो. आणि पटकन थांबण्यासाठी उलट दिशेची कळ क्षणभर दाबतो. डावीकडे धावत असेल तर उजवीची. पाय थांबले की गोळी सरळ. पाहणाऱ्याला ही हालचाल दिसतही नाही, पण निम्म्या चकमकींचा निकाल इथेच लागतो.

ज्यांनी 2000 नंतरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या सायबर कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक 1.6’ खेळलं, त्यांना ‘डस्ट टू’ या नकाशाची गल्ली न् गल्ली आजही आठवत असेल. तिथे सगळे संगणक एकाच खोलीत तारेने जोडलेले असायचे, इंटरनेटची गरजच नव्हती. मोबाइल आला आणि खेळ कॅफेतून खिशात गेला. 2018 च्या मार्चमध्ये ‘पबजी मोबाइल’ आला. पुढच्याच वर्षी, मार्च 2019 मध्ये, मुंबईच्या नमन माथूरच्या, म्हणजे ‘मॉर्टल’च्या, ‘सोल’ संघाने हैदराबादेत पबजी मोबाइल इंडिया सिरीज जिंकली. त्याच वर्षी जानेवारीत अकरा वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात या खेळावर बंदीची याचिका केली होती. बंदी शेवटी आली ती वेगळ्याच कारणाने. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्राने चिनी संबंधांच्या मुद्द्यावर 118 ॲप बंद केली, त्यात पबजीही गेला. जुलै 2021 मध्ये तो ‘बीजीएमआय’ या नव्या नावाने परतला. रक्ताचा रंग हिरवा, ‘किल’ला ‘फिनिश’ म्हणायचं, आणि अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा.

पबजीच्या बंदुकांचं गणित वेगळं आहे. इथे गोळीला प्रवास करावा लागतो आणि ती वाटेत खालीही येते. मूळ पबजीत एकेएमची गोळी सेकंदाला 715 मीटरने सुटते, एम-416 ची 880 मीटरने. तीनशे मीटरवरच्या माणसापर्यंत पोचायला पहिलीला ढोबळमानाने 0.42 सेकंद लागतात, दुसरीला 0.34. तेवढ्यात पळणारा माणूस दोन-अडीच मीटर पुढे गेलेला असतो. तेव्हा नेम धरायचा तो त्याच्यावर नाही, त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेवर, आणि थोडा वर. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून माणसं लोटतात, त्यांत धनुष्यबाण घेऊन येणारेही असतात. पळत्या सावजाच्या पुढे बाण सोडायचा आणि अंतर वाढलं की हात उचलायचा, हे तिथल्या तिरंदाजाला वेगळं शिकवावं लागत नाही. पबजीच्या बंदुका त्याला वागायला काउंटर-स्ट्राइकपेक्षा कितीतरी ओळखीच्या वाटतील.

एम-416 ला पाच जोड लागतात: नळीचं टोक, पुढची मूठ, मॅगझिन, दस्ता आणि दुर्बीण. एकेएमला मूठ आणि दस्ता लागतच नाही. म्हणून एकेएमची गोळी जड असूनही अनुभवी खेळाडू सहसा एम-416 शोधत फिरतात. ती सजवली की शांत होते.

आता राहिला अंगठा. संगणकावर माउसला अख्खं टेबल मिळतं. मोबाइलवर दोन अंगठ्यांनी चालायचं, बघायचं, झाडायचं. एकाच अंगठ्याला नेमही धरायचा आणि चापही दाबायचा, म्हणजे एक काम थांबल्याशिवाय दुसरं होत नाही. यावर खेळाडूंनी स्वतःच तोड काढली. तर्जन्याही पडद्यावर आणल्या आणि फोन खेकड्याच्या नांगीसारखा धरला. त्याला ते ‘फोर फिंगर क्लॉ’ म्हणतात. दुसरी तोड त्याहून सुरेख आहे. फोनमध्ये तो किती वळला हे मोजणारा जायरोस्कोप असतो. खेळात तो चालू केला की फोन पुढे झुकवताच नेम खाली येतो. म्हणजे बंदूक वर उसळू लागली की मनगट किंचित वाकवायचं, अंगठा मोकळाच. बसमध्ये फोन हातात धरून मुलगा वेडावाकडा का होतोय हे न कळलेल्या प्रवाशांनी हे लक्षात ठेवावं.

खऱ्या नेमबाजीशी ताडून पाहिलं तर गंमत कळते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं, आणि सगळी साधना शरीर स्थिर ठेवण्याची. पडद्यावर स्थिरता फुकट मिळते. तिथे नेमबाजाला अस्थिरता निस्तरावी लागते, तीही दुसऱ्याने आखून दिलेली.

ती आखणारे लोक आता महाराष्ट्रातही आहेत. पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ या कंपनीने आधी ‘मास्कगन’ हा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ केला. त्यात निशाण शत्रूवर आलं की बंदूक आपोआप झाडते. चाप दाबायचं काम खेळाडूवर नाहीच. कडव्या खेळाडूला हे कमीपणाचं वाटेल. पण लहान पडद्याचा, स्वस्त फोन हातात असलेल्या माणसाला हा खेळ खेळता येतो, आणि कौशल्य चापातून निघून जागा धरण्याकडे, वाट निवडण्याकडे सरकतं. याच कंपनीचा ‘इंडस’ 16 ऑक्टोबर 2024 ला आला. त्यात शेवटच्या टप्प्यात ‘कॉस्मियम’ नावाची वस्तू प्रकटते. ती हस्तगत करणारा, सगळ्यांना न मारताही जिंकतो. हत्याराच्या जोरावर निकाल लागू नये म्हणून केलेली ही पाचर आहे, आणि कल्पना म्हणून ती फार चांगली आहे.

पबजीसारख्या मोठ्या रणांगणाच्या खेळात नशीब तसं पुष्कळच असतं. उतरलेल्या घरात दुर्बीण मिळेल की नुसता तवा, सुरक्षित वर्तुळ कुठे आखलं जाईल, हे कोणाच्याच हाती नाही. स्पर्धा त्यावर उपाय करतात तो साधा: एका डावावर निकाल लावत नाहीत. सोळा संघ, चौसष्ट खेळाडू, अनेक डाव. अलीकडच्या पद्धतीत पहिल्या क्रमांकाला 10, मग 6, 5, 4, 3, 2, 1, 1, आणि प्रत्येक फिनिशला एक गुण. डाव वाढले की नशिबाचा वाटा झिजतो. अशा वेळी संघातला सर्वांत महत्त्वाचा माणूस बहुधा नेमात सर्वांत पक्का नसतो. तो नकाशा वाचून हाका देणारा असतो.

एक गोष्ट मात्र ना हाताची, ना बंदुकीची. कळ दाबल्यापासून सर्व्हरकडे जाऊन निरोप परत यायला लागणारा वेळ, ‘पिंग’. कोपऱ्यावर दबा धरून बसलेल्यापेक्षा अचानक बाहेर येणाऱ्याला समोरचा क्षणभर आधी दिसतो, आणि पिंग वाढला की हा फरकही वाढतो. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. काठीपासून मुंबई सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश हे अंतर दोन मिलिसेकंदांच्या आत कापतो. म्हणजे अंतर हा अडथळाच नाही. अडथळा आहे तो डोंगराआडचा सिग्नल आणि मनोऱ्यावरची गर्दी. तिथे पिंग नुसता जास्त नसतो, तो सतत बदलत राहतो, आणि बदलत्या पिंगचा सराव करता येत नाही. फोनचंही तसंच. नव्वद फ्रेमचा महागडा फोन किंवा चौकोनी आयपॅडचा मोठा देखावा ज्याच्याकडे, त्याला शत्रू लवकर दिसतो. काठीच्या आसपासच्या अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यातल्या मुलाचा अंगठा कितीही तयार असो, घरून खेळून तो निवड फेरीत टिकेल असं म्हणणं भाबडेपणाचं आहे.

चोरवाट धरणारेही असतात. ऑक्टोबर 2018 मध्ये शांघायच्या एका स्पर्धेत ‘ऑप्टिक इंडिया’ या भारतीय संघाचा खेळाडू नेम आपोआप लावणारा प्रोग्राम वापरताना भर सामन्यात सापडला. फाइलचं नाव होतं ‘वर्ड डॉट ईएक्सई’. संघ बाद झाला आणि पुढे विसर्जितही झाला. ज्या गोष्टीसाठी मुलं वर्षानुवर्षं भिंतीवर गोळ्या झाडतात, तीच त्या प्रोग्रामने फुकट मिळवून दिली होती. रागाचं कारण तेच.

सरकारदरबारी चित्र पालटलं आहे. डिसेंबर 2022 मध्ये ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आले आणि ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांना बंदी घालताना ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. 2023 च्या हांगझोउ एशियाडमध्ये तर पबजी मोबाइलच्या चिनी भावंडाची खास आवृत्ती ठेवली होती. त्यात खेळाडू एकमेकांवर गोळ्या झाडत नव्हते. संघ आपापल्या वाटेने धावत लक्ष्यं टिपत होते. हिंसेची काळजी असलेल्या पालकांनी ही आवृत्ती जरूर बघावी. बंदुकीची उसळी आणि हाताची करामत तिथेही तीच आहे.

घरात कोणी खेळत असेल तर एकदा शेजारी बसून पडद्याच्या मधोमधच्या छोट्या फुलीकडे, ‘क्रॉसहेअर’कडे, लक्ष द्या. नवशिक्याची फुली जमिनीवर फिरत असते आणि शत्रू दिसल्यावर धडपडत वर येते. तयार खेळाडूची फुली दाराच्या कडेला, डोक्याच्या उंचीवर, माणूस दिसायच्या आधीच येऊन थांबलेली असते.