घरी घडविलेला ध्वनिवर्धक

चेन्नईच्या अण्णा सालईपासून, म्हणजे जुन्या लोकांच्या माउंट रोडपासून, थोड्याच अंतरावर रिची स्ट्रीट नावाची एक गल्ली आहे. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आणि पुणेकरांना तपकीर गल्ली ठाऊक असल्यामुळे त्यांना या गल्लीचे निराळे वर्णन करून सांगावयास नको. संगणकापासून सुट्या रोधकापर्यंत विजेच्या व्यवहारातील बहुतेक वस्तू तेथे मिळतात. सेंट्रल स्टेशनाशेजारचा मूर मार्केट १९८५ मध्ये आगीत भस्मसात होण्यापूर्वी जुन्या सामानाचे शौकीन तेथेही धुंडाळीत फिरत असत. अशा बाजारपेठांतून स्वतःच्या हाताने यंत्र जुळविणाऱ्या मंडळींना सामानही मिळते आणि सल्लाही मिळतो. या हौशी कारागिरांपैकी एका लहानशा पण चिकाटीच्या वर्गाचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. विजेच्या गिटारसाठी निर्वात नलिकांचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत व्हॉल्व्हचा, ध्वनिवर्धक घरी बांधणारे हे लोक आहेत.

व्हॉल्व्ह म्हटले की घरातील वडील मंडळींना जुना रेडिओ आठवेल. बटण फिरविल्यावर काही क्षण शांतता, मग काचेआड तांबूस उजेड आणि त्यानंतर आवाज, असा त्याचा क्रम असे. ट्रान्झिस्टर आला आणि हे रेडिओ माळ्यावर गेले. मग आजच्या तरुणाला त्यातील तंत्र पुन्हा खाली काढावेसे का वाटते? केवळ जुन्याची आवड म्हणून, असे उत्तर देणे सोपे आहे. परंतु ते अपुरे आहे.

व्हॉल्व्हचे कार्य समजण्यास शेतातील पाटाचे उदाहरण पुरेसे आहे. पाटाला पाणी भरपूर असते. दाराशी उभा असलेला माणूस फळी किंचित वरखाली करतो आणि तेवढ्या श्रमाने पाण्याचा मोठा लोट कमीजास्त होतो. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या पृष्ठापासून निघालेले इलेक्ट्रॉन धन दाबाच्या पत्र्याकडे धाव घेतात आणि वाटेत असलेली बारीक जाळी दाराच्या फळीचे काम करते. फ्लेमिंगने १९०४ मध्ये दोन अग्रांची नलिका केली. ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये तिच्यात तिसऱ्या अग्राची भर घातली. पुढे जाळी हे त्या अग्राचे रूप ठरले आणि क्षीण विद्युत्‌लहरींना बळ देण्याचा मार्ग मोकळा झाला.

गिटारच्या तारेखालील चुंबकीय वेटोळ्यातून येणारा दाब फार थोडा असतो. तो साधारण एक दशांश व्होल्ट धरावा. ईसीसी ८३ या लहान व्हॉल्व्हमध्ये एकाच काचेत दोन स्वतंत्र अर्ध असतात आणि प्रत्येक अर्ध प्रत्यक्ष जोडणीत सुमारे पन्नास पटींनी दाब वाढवितो. म्हणजे पहिल्या पायरीनंतर एक दशांशाचे पाच व्होल्ट झाले. परंतु दुसऱ्या पायरीच्या जाळीला दीड व्होल्टाच्या आसपासच चढउतार सोसतो. पायलीच्या मापात पोते ओतावे तशी स्थिती होते. लहरींचे माथे आणि तळ छाटले जातात, मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळतात आणि ज्याला रॉक संगीताचे रसिक 'डिस्टॉर्शन' म्हणतात तो भरदार, किंचित खरखरीत नाद उत्पन्न होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तार छेडताच तिचे कंपन जोरदार असते आणि लगेच ते ओसरू लागते. साध्या ध्वनिवर्धकात आवाजही त्याच प्रमाणात ओसरतो. पण माप जर आरंभापासूनच ओसंडत असेल, तर कंपन निम्म्यावर आले तरी माप भरलेलेच राहते. परिणामी स्वर विझत नाही. कितीतरी वेळ जवळजवळ सारख्या बळाने तो टिकून राहतो. जास्त वर्धनाच्या ध्वनिवर्धकाचे मर्म मोठ्या आवाजात नसून स्वराच्या या टिकाऊपणात आहे.

चेन्नईच्या संगीतप्रेमी माणसाला हे मर्म पटवून द्यावे लागत नाही. कर्नाटक संगीताचा प्राण गमकात आहे आणि गमकासाठी स्वराने तग धरला पाहिजे. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात बालुस्वामी दीक्षितरांनी युरोपीय व्हायोलिन आपलेसे केले. गजाने वाजणारे हे वाद्य गळ्याप्रमाणे स्वर लांबवू शकत होते. तंजावरचे आपले सरफोजीराजे यांनीही त्याच काळात पाश्चात्त्य वाद्यांना दरबारी आश्रय दिला होता. अलीकडच्या काळात मँडोलिनवादक यू. श्रीनिवास (१९६९-२०१४) यांनी विजेच्या मँडोलिनवर हेच कोडे सोडविले. साध्या मँडोलिनचा स्वर छेडताच मावळतो. विजेच्या साहाय्याने तो गमक पेलण्याइतका टिकतो. कर्नाटक मैफलीत फाटलेला नाद चालत नाही हे खरे. तेथे स्वच्छ स्वरच हवा. तथापि छेडलेल्या तारेला दीर्घ श्वास कसा द्यावा, हा प्रश्न सभागृहातील वादकाचा आणि गच्चीवर सराव करणाऱ्या तरुणाचा एकच आहे.

या ध्वनिवर्धकांचा इतिहासही मोठ्या कारखान्यात सुरू झालेला नाही. लंडनमध्ये जिम मार्शल यांचे ढोलताशांचे, म्हणजे ड्रमचे, दुकान होते. तेथे १९६२ च्या सुमारास अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या 'बासमन' या ध्वनिवर्धकाची घडण समोर ठेवून पहिला मार्शल ध्वनिवर्धक तयार झाला. त्याच दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात रँडॉल स्मिथ या दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने फेंडरच्याच एका लहान ध्वनिवर्धकात फेरबदल केले आणि त्यातून 'बूगी' हे नाव पुढे आले. व्हॉल्व्हच्या पायऱ्या एकीला एक जोडून वर्धन वाढविण्याची युक्ती त्यांनी रूढ केली. असलेल्या यंत्रात सुधारणा करता करता नवे यंत्र घडले, असाच हा क्रम आहे.

घरी हे काम करू इच्छिणाऱ्याने आरंभी लहान बेत करावा. दोन ईसीसी ८३ आणि शेवटी एक ईएल ८४, एवढ्या तीन व्हॉल्व्हांत सुमारे ५ वॅटांचा ध्वनिवर्धक होतो. हा आकडा लहान वाटेल. पण चाळीत किंवा सदनिकेत राहणाऱ्याला शेजाऱ्यांशी सलोखा ठेवून वाजवावयाचे असेल, तर पाच वॅटही पुष्कळ होतात.

प्रथम अडचण येते ती रोहित्राची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची. ईएल ८४ ला सुमारे ५,००० ओहमांचा भार लागतो, तर कर्ण्याचा रोध ८ ओहम असतो. या दोघांची गाठ घालून देण्यासाठी ट्रान्सफॉर्मरच्या फेऱ्यांचे गुणोत्तर २५ : १ ठेवावे लागते, कारण पंचविसाचा वर्ग ६२५ आणि ८ गुणिले ६२५ म्हणजे ५,०००. वाइंडिंग करणाऱ्या कारागिराला हे गणित सांगितले की तो काम करून देतो. मात्र एक सूचना त्याला आवर्जून द्यावी. एकाच व्हॉल्व्हच्या या जोडणीत ट्रान्सफॉर्मरमधून सतत एकदिश प्रवाह वाहत असल्याने, लोखंडी पत्र्यांच्या दोन गठ्ठ्यांमध्ये कागदाएवढी फट ठेवावी लागते. नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पत्रे आलटून पालटून गुंफतात. त्याच सवयीने येथेही गुंफले, तर लोखंड चुंबकत्वाने भरून जाते आणि खर्ज हरवतो. चेन्नईची खारट, दमट हवा लक्षात घेता वेटोळे व्हार्निशमध्ये बुडवून नीट वाळविलेले असावे. व्हॉल्व्हच्या बैठकांचे आणि बटणांचे संपर्क अशा हवेत लवकर काळवंडतात. ते वेळोवेळी स्वच्छ करावे लागतात.

जोडणीला बसल्यावर नवशिक्याला एक विलक्षण अनुभव येतो. पन्नासपट वाढविणाऱ्या तीन पायऱ्या एकापुढे एक जोडल्या, तर हिशेबाने एकूण वर्धन १,२५,००० पट होते. एवढे वर्धन कोणालाच नको असते. म्हणून दर दोन पायऱ्यांमध्ये रोधकांची जोडी घालून मिळविलेल्या दाबाचा बराचसा भाग मुद्दाम सोडून द्यावा लागतो. कोठे किती सोडावयाचे, यातच कारागिराची जाण दिसते. जाड तारांचा खर्ज छाटणीच्या आधी थोडा कमी केला नाही, तर नादाचा चिखल होतो. छाटणीनंतरची कर्कश टीप थोडी कमी केली नाही, तर कानांना त्रास होतो. मार्शलच्या १९७५ च्या '२२०३' या घडणीत एका पायरीच्या कॅथोडला १०,००० ओहमांचा रोधक आहे. त्यामुळे लहरीची एक बाजू दुसरीपेक्षा आधी छाटली जाते. एवढ्याशा रोधकाने आवाजाचे सारे व्यक्तिमत्त्व बदलते.

वर्धन वाढले की दोषही वाढतात. लग्नाच्या मांडवात ध्वनिक्षेपक कर्ण्यासमोर आला की शिटी वाजू लागते, हे सर्वांनी ऐकले आहे. या ध्वनिवर्धकाच्या पेटीत अखेरची तार पहिल्या तारेजवळून नेली, तर तोच प्रकार घडतो. म्हणून जाळीकडे जाणाऱ्या तारा आखूड ठेवाव्यात आणि पहिली तार जाळीदार आवरणाची असावी. व्हॉल्व्ह तापविणाऱ्या ६.३ व्होल्टांच्या तारांना एकमेकींभोवती पीळ देऊन त्या पेटीच्या कोपऱ्यातून न्याव्यात. हे न पाळल्यास वीजपुरवठ्याची ५० आवर्तनांची गुणगुण स्वराच्या मागे अखंड ऐकू येते.

आता या विषयातील सर्वांत गंभीर भागाकडे वळू. ज्या दाबामुळे हा नाद निर्माण होतो, तोच दाब माणसाचा प्राण घेऊ शकतो. लहान ध्वनिवर्धकातही ३०० व्होल्ट असतात. मोठ्यात ते ४५० च्या वर जातात. शिवाय बटण बंद केल्याने धोका टळत नाही. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ४०० व्होल्टांना भरला की बटण बंद झाल्यावरही तो भार धरून बसतो. त्याच्या दोन्ही टोकांना २,२०,००० ओहमांचा २ वॅटचा रोधक कायमचा जोडून ठेवावा. म्हणजे सुमारे दोन मिनिटांत भार उतरतो. तरीही मीटर लावून खात्री केल्याखेरीज पेटीत हात घालू नये. मोजताना एक हात खिशात ठेवावा, जमीन कोरडी असावी, पायांत चपला असाव्यात आणि घरात दुसरे माणूस जागे असावे. पेटीचा धातूचा सांगाडा तीन पिनांच्या तारेने अर्थिंगला जोडलेला असलाच पाहिजे.

पहिल्यांदा वीज देताना वायरमन वापरतात तो सिरीज बोर्ड उपयोगी पडतो. साधा ६० वॅटचा तारेचा दिवा ध्वनिवर्धकाशी एकसरीत जोडला, तर आत कोठे शॉर्ट असल्यास दिवा प्रखर पेटून राहतो आणि महागडा ट्रान्सफॉर्मर वाचतो. दिवा क्षणभर पेटून मंदावला तर जोडणी बहुधा ठीक आहे असे समजावे. कर्णा जोडल्याशिवाय ध्वनिवर्धक कधीही चालवू नये. तसे केल्यास शेवटचा ट्रान्सफॉर्मर आतल्या आत जळण्याचा संभव असतो.

जुन्या यंत्रात फेरबदल करणाऱ्यांना आणखी एक इशारा दिला पाहिजे. माळ्यावरचा व्हॉल्व्हचा रेडिओ गिटारसाठी वापरावा, असा मोह पुष्कळांना होतो. परंतु काही जुन्या रेडिओंमध्ये मुख्य ट्रान्सफॉर्मरच नसे आणि त्यांचा सांगाडा थेट घरातील विजेला जोडलेला असे. लाकडी पेटीत तो झाकलेला असल्याने ऐकणाऱ्याला त्याची बाधा होत नसे. गिटार जोडताच मात्र तो सांगाडा तारेच्या आवरणामार्फत वादकाच्या बोटांपर्यंत येऊन पोचतो. असा रेडिओ शोभेसाठी ठेवावा. गिटारसाठी तो कदापि वापरू नये. मुख्य ट्रान्सफॉर्मर असलेल्या रेडिओतही जुने कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर प्रथम बदलावेत.

शेवटी प्रश्न उरतो तो व्हॉल्व्हचा. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या १९५४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी उद्योगात एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह तयार होत आणि ती नाममुद्रा असलेले जुने व्हॉल्व्ह शौकीन आजही जपून ठेवतात. आता या कामाचे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन या देशांतील मोजक्या कारखान्यांतून येतात. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा जगभरच्या वादकांना या पुरवठ्याची नाजूक स्थिती एकदम उमगली. व्हॉल्व्ह नाजूक, पुरवठा बेभरवशाचा. परंतु त्याहूनही दुर्मीळ होत चालले आहे ते त्यांची दुरुस्ती जाणणारे हात. जुन्या रेडिओ मेकॅनिकांनी ही विद्या पुस्तकापेक्षा बाकावर बसून अधिक मिळविली होती. ज्या तरुणाला अजून असा कोणी वडीलधारा कारागीर भेटेल, त्याने गिटारबरोबर त्याचाही सराव चुकवू नये.

घरात कोणी या छंदाला लागले असेल, तर आईवडिलांनी केवळ धास्तीने त्याला मनाई करू नये आणि केवळ कौतुकाने मोकळेही सोडू नये. कंडेन्सरचा भार उतरविण्याची सोय कोठे आहे, अर्थिंग कोठे जोडले आहे आणि काम करताना जवळ कोण असते, हे तीन प्रश्न त्याला विचारावेत. तिन्हींची उत्तरे तो पेटी उघडून दाखवू शकला, तर शेजारी बसून त्याचा पहिला लांबलेला स्वर ऐकावयास काहीच हरकत नाही.