लाखाचा स्पीकर, भिंतीवर चादर

डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेन (स्थापना १९२५) कंपनीचा ए-९ स्पीकर २०१२ मध्ये आला. तीन लाकडी पायांवर उभी केलेली परातच जणू, वर कापडाचं आवरण. किंमत लाखांत, त्यातला बराच पैसा रूपाचाच. ब्लूटूथचं साधं एसबीसी तंत्र सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ३२८ किलोबिट पाठवतं, सीडीवर १,४११ असतात. म्हणून असा स्पीकर वायफायवर लावावा.

पण स्पीकर कितीही भारी असला तरी फ्लॅटमध्ये खाली गुळगुळीत फरशी, समोर कोरी भिंत, आवाज घुमणारच. जाड सोलापुरी चादर भिंतीपासून जरा सुटी, चुण्या पाडून टांगा. तबल्याची चाट स्वच्छ ऐकू येईल. डग्ग्याचा घुमार मात्र चादरीला आवरत नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढा.