पेठेची वही

माझी आजी जावळी खोऱ्यातली. तिच्या तोंडी महाबळेश्वर म्हणजे क्षेत्र: पंचगंगेचं देऊळ, गोमुखातून पडणारी धार, महाबळेश्वराची पिंड. आपण मुंबई-पुण्याची माणसं ज्याला महाबळेश्वर म्हणतो, तो घोड्यांचा नि चण्यांचा बाजार तिच्या लेखी नुसती 'पेठ' होती. तिच्याहून थकलेली माणसं तर 'नहर' म्हणायची. "नहरला जाऊन आलो," असं. सरकारी कागदांत त्याच जागेचं नाव मालकमपेठ. एका बाजारपेठेला तीन नावं कशी, हा प्रश्न मला शाळेच्या वयात पडला. त्याचं उत्तर शोधता शोधता तीस वर्षं गेली. मी मोडी शिकले तीही त्यापायीच.

देवगिरीच्या सिंघण यादवापासून जावळीच्या मोऱ्यांपर्यंत आणि पुढे प्रतापगडापर्यंतचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. १६६५ मध्ये सूर्यग्रहणाच्या पर्वात शिवाजी महाराजांनी जिजाऊसाहेबांची आणि सोनोपंत डबीरांची सुवर्णतुला केली ती क्षेत्र महाबळेश्वरीच. तो भाग मी सोडून देते. माझं कुतूहल सुरू होतं १८२४ पासून, कारण तिथून पुढे या डोंगराचे कागद वाढत जातात आणि डोंगरावरची माणसं त्या कागदांतून कमी कमी होत जातात.

त्या साली साताऱ्याच्या फौजेचा अधिकारी पीटर लॉडविक रान तुडवत कड्यापर्यंत पोचला. वाटेत त्याचा कुत्रा बिबट्यानं उचलून नेला, ही गोष्ट प्रत्येक गाईड सांगतो. या डोंगरावर पाय ठेवणारा पहिला युरोपियन म्हणून त्याचा स्तंभ त्या कड्यावर उभा आहे. तो त्याच्या मुलानं उभारला, लॉडविकच्या मृत्यूनंतर, म्हणजे घटनेला पन्नास वर्षं उलटल्यावर. आजच्या या लॉडविक पॉइंटला त्याआधी सिडनी पॉइंट म्हणत. सर सिडनी बेकविथ हा सेनापती १८३१ मध्ये महाबळेश्वरीच वारला, त्याचं ते नाव. म्हणजे साहेबांच्या नावांतही एकानं दुसऱ्याला खाली उतरवलं. 'पहिला युरोपियन' हे शब्द बहुतेक पर्यटक घाईत 'पहिला माणूस' असे वाचतात. गेल्या वर्षी एक बाबा आपल्या मुलीला तसंच सांगत होते आणि मला राहवलं नाही. मी त्यांना मागच्या दरीतलं गाव दाखवलं.

बाकीच्या टोकांचंही असंच आहे. आर्थर सीटला लोक मढीमहाल म्हणत. गव्हर्नर माल्कमच्या मुलीच्या नावानं जे केट्स पॉइंट झालं ती नाके खिंड. सगळ्यांत उंच जागा, जिथून सूर्योदय बघायला आपण पहाटे गाड्या काढतो, ती सिंदोळा. १९२३ ते २८ या काळात गव्हर्नर असलेल्या लेस्ली विल्सनचं नाव तिला अगदी अलीकडे चिकटलं. नवीन पाट्या लावून जुनी नावं परत आणावीत असं मला वाटत नाही. दोन्ही नावं एका पाटीवर असावीत. केट्स पॉइंट म्हणताना कुणाची तरी मुलगी आठवते. नाके खिंड म्हटलं की तिथून वाट जात होती हे कळतं, आणि वाट होती म्हणजे माणसं होती.

आता करार. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी रेसिडेंट ब्रिग्जच्या सांगण्यावरून वर जाणारा रस्ता बांधला. माल्कम गव्हर्नर होऊन आला, त्याला जागा पसंत पडली, आणि १८२९ मध्ये कंपनी सरकारनं हा डोंगरमाथा महाराजांकडून घेतला. बदल्यात दिलं खंडाळा. लोणावळ्याशेजारचं नव्हे, पुणे-सातारा रस्त्यावरचं, आज तालुक्याचं ठिकाण असलेलं. डोंगर देऊन गाव घेतलं. पुढच्या दहा वर्षांत कंपनीनं याच महाराजांवर कटाचा आळ घेतला, १८३९ मध्ये त्यांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. १८४७ मध्ये ते तिकडेच वारले. रंगो बापूजी त्यांच्यासाठी विलायतेत वर्षानुवर्षं दाद मागत राहिले. प्रतापसिंहांच्या जागी बसवलेल्या आप्पासाहेबांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधला, ज्यात आपण आज होड्या वल्हवतो. तलावाकाठी मक्याचं कणीस खाताना हे कुणाला आठवावं अशी माझी अपेक्षा नाही. पण ज्या राजानं या डोंगराचा रस्ता बांधला त्याच्या नावाचं एकही टोक डोंगरावर नाही, याचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

यातलं बरंचसं एका ठिकाणी मांडलं ते दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी. पारसनिसांचं नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना झाशीच्या राणीच्या चरित्रामुळे, 'इतिहाससंग्रहा'मुळे आणि मेणवलीच्या दप्तरामुळे माहीत असतं. नाना फडणिसांचे कागद त्यांनी मिळवले, जपले, छापले. साताऱ्यात त्यांनी उभं केलेलं ऐतिहासिक संग्रहालय पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात गेलं. याच माणसानं १९१६ मध्ये महाबळेश्वरावर एक सचित्र पुस्तक लिहिलं. पाचगणीवरही लिहिलं. जुनी कागदपत्रं हाताळणारा माणूस थंड हवेच्या ठिकाणावर पुस्तक लिहितो, ही गोष्ट मला त्यांच्या मोठ्या ग्रंथांपेक्षा जास्त ओढून घेते. घाटमाथ्यावरच्या बंगल्यांचाही इतिहास असतो आणि तो कागदांवरून लिहायचा असतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

पण ते पुस्तक इंग्रजीत आहे. याच डोंगराच्या पायथ्याशी, वाईत, राजवाड्यांना जुने कागद सापडले आणि १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. राजवाडे मराठीशिवाय दुसऱ्या भाषेत लिहायला तयार नव्हते. पारसनीस साहेबलोकांत वावरले, किंकेडबरोबर त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला, सरकारदरबारी मान मिळवला. दोघांच्या स्वभावांतला हा फरक आपल्याकडे नेहमी राजवाड्यांच्या बाजूनं सांगितला जातो. मी स्वतः पारसनिसांची ऋणी आहे. तरीही त्यांनी महाबळेश्वर इंग्रजीत लिहिलं त्याचा परिणाम दिसतोच. वाचक कोण, हे ठरलं की कशाबद्दल लिहायचं तेही ठरतं. हंगामाला वर येणाऱ्यांसाठी लिहिलेल्या इतिहासात हंगामाला वर येणारेच उरतात. गव्हर्नरची बायको लेडी फॉकलंड हिनंही १८५७ च्या आपल्या आठवणींत महाबळेश्वरावर लिहिलं. तिच्या डोंगरावरही पाऊस लागला की गोष्ट संपते.

ज्यांची गोष्ट पावसात संपत नव्हती त्यांच्यातले मला सगळ्यांत जास्त छळणारे लोक म्हणजे चिनी कैदी. कंपनी सरकार मुंबई इलाख्यातले जन्मठेपेचे कैदी समुद्रापार पिनांग, मलाक्का, सिंगापूरला धाडत असे. तिकडचे चिनी आणि मलायी कैदी इकडे आणत असे. माणसाला त्याच्या मुलखापासून इतकं दूर न्यायचं की पळून जायलाही दिशा उरू नये, असा त्यामागचा हिशोब. त्यांतले काही महाबळेश्वरी ठेवले. त्यांच्यासाठी तुरुंग बांधला. १८८५ च्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरात त्याची नोंद आहे. १८६४ मध्ये तो तुरुंग मोडला. मधल्या सुमारे तीस वर्षांत त्यांनी या डोंगरावर मळे केले. बटाटा आणि विलायती भाज्या पिकवल्या, वेताचं काम केलं. साहेबांच्या टेबलावरचं ताजं खाणं त्यांच्या हातचं होतं. त्यांच्यावर पहाराही फारसा नव्हता. कुठे जाणार होते ते?

आज त्यांची खूण म्हणजे एका धबधब्याचं नाव, चायनामन फॉल. या माणसांचा शोध सातारच्या किंवा महाबळेश्वरच्या कपाटात घेऊन उपयोग नाही. तो मुंबईच्या पुराभिलेखागारात, न्याय खात्याच्या जुन्या दप्तरांत घ्यायला हवा. तिथल्या कारकुनानं ऐकून लिहिलेल्या नावांवरून मूळ चिनी नाव ओळखायला पिनांगच्या बोलींचा जाणकार लागेल. हे काम एकट्यादुकट्याचं नाही. मराठी येणारा, मोडी येणारा आणि ती चिनी बोली येणारा अशी तीन माणसं एका टेबलाशी बसली पाहिजेत. अशी तीन माणसं आपल्याकडे कुणी एकत्र बसवलेली मला माहीत नाहीत.

दुसरे धावड. महाबळेश्वरचा माथा जांभ्याचा. त्या जांभ्यातलं लोखंड भट्टी लावून काढणारी ही मुसलमान जमात. भट्टीला कोळसा लागे आणि कोळशाला जंगल. जंगलावर सरकारी कायदे आले, विलायती लोखंड स्वस्त झालं, भट्ट्या विझल्या. गॅझेटिअरात धावडांवर थोड्या ओळी आहेत. रानात अजून कुठे कुठे पायाखाली लोखंडाचं कीट लागतं. काळं, बुडबुडे गोठल्यासारखं, हातात घेतलं की आकाराच्या मानानं जड. एक तुकडा माझ्या टेबलावर आहे. तो कागद नाही, पण मी त्याला दप्तरच मानते.

मग अशा गावाचं दप्तर कुठे असतं? थोडं पुण्याच्या पुराभिलेखागारात, जिथे पेशवे दप्तराचे कोट्यवधी मोडी कागद आहेत. थोडं मुंबईत, कारण उन्हाळा लागला की मुंबईचं सरकार कारकून आणि दप्तर घेऊन वर चढत असे, पाऊस आला की सगळं बांधून खाली नेत असे. थोडं डेक्कन कॉलेजात. बंगल्यांच्या भाडेपट्ट्यांचे कागद कचेऱ्यांत आणि वकिलांकडे. आणि उरलेलं पेठेतल्या घरांच्या माळ्यांवर, ट्रंकांत, देवघराच्या फडताळात. हे उरलेलं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, आणि नेमकं तेच दर वर्षी थोडं थोडं मरतं. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात कागद टिकवायचा म्हणजे काय, हे तिथे आषाढ काढल्याशिवाय कळत नाही. भिंतीला हात लावला तर ओला होतो. कपड्यांना वास येतो. लोक धान्य, कपडे, अंथरुणं चुलीच्या धगीवर शेकून घेतात, पण कागद कोण शेकणार?

माझ्या आजीचे वडील पेठेत दूध, सरपण आणि भाजी पुरवायचे. आजी गेल्यावर मामांनी तिची ट्रंक माझ्याकडे दिली, "तुला असलं आवडतं, तूच ठेव," म्हणून. तळाशी लाल कापडाच्या बांधणीची, लांबट, उभी उघडणारी वही होती. मोडीतली रोजकीर्द, शके १८२० च्या आसपासची. निम्मी पानं ओलीनं एकमेकांना चिकटलेली. मी पहिल्या संध्याकाळी घाईनं चाकूनं दोन पानं सोडवायला गेले आणि एका पानाची वरची सहा बोटं अक्षरं दुसऱ्या पानावर गेली. ती गेली ती गेलीच. नंतर जुन्या कागदांची दुरुस्ती करणाऱ्या एका बाईंनी मला समजावलं: उन्हात घालायची नाही, इस्त्री नाही, चिकटपट्टी तर मुळीच नाही. टिपकागदात घालून, हलकं वजन ठेवून, सावलीत, महिनेन् महिने.

जी पानं उघडली त्यांत साहेबांची नावं नाहीत. मला आधी निराशा वाटली, मग लक्षात आलं की हीच खरी गंमत आहे. गिऱ्हाईक ओळखायला पणजोबांची स्वतःची नावं होती. 'तांबडे कौल.' 'वरला पारशी.' 'घोड्याचे साहेब.' 'खोकलेवाले मडम.' तिच्या नावे दूध रोज दीड शेर, मग एक शेर, मग पाव शेर, मग नोंद बंद. बाकी कुणी दिली ते लिहिलेलं नाही. गव्हर्नरच्या आणि सेनापतीच्या नावानं टोकं झाली, आणि इथे एक दूधवाला त्या सगळ्या बंगल्यांना आपल्या सोयीची नावं देऊन हिशोब ठेवत होता. मढीमहाल, नाके खिंड, सिंदोळा हीही अशाच कुणीतरी दिलेली नावं असणार. वहीत 'चिनी' हा शब्द मी दिव्याखाली ओळ न् ओळ शोधला. तो नाही. तुरुंग मोडून तोवर चौतीस वर्षं झाली होती.

ज्येष्ठ सरत आला की नोंदी बदलतात. 'तांबडे कौल उतरले.' 'पारशी उतरले.' एका पानावर एकाखाली एक सहा वेळा 'उतरले'. त्याच्या पुढच्या पानापासून गिऱ्हाईक संपतं आणि घर सुरू होतं: तांदूळ किती मण, मीठ, घासलेट, सुकी मासळी, भिंतींना बाहेरून झड्या बांधायला गवताचे किती भारे, दोरी किती. गुराला औषध. शेजाऱ्याला उसने दिलेले तांदूळ. दोन महिने पुरेल एवढी बेगमी मांडून पणजोबांनी खाली आडवी रेघ मारली आहे.

त्यापुढची आषाढ-श्रावणाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. ती टिपकागदात, सावलीत, हलक्या वजनाखाली ठेवली आहेत.