दासगाव बंदर

दासगाव बंदर : महाराष्ट्र राज्यातील एक ऐतिहासिक नदीबंदर. रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या महाड तालुक्यात, सावित्री नदीच्या उजव्या तीरावर, महाडच्या पश्चिमेस सु. ८ किमी. वर ते वसले आहे. एका बाजूस डोंगर व दुसऱ्या बाजूस खाडी यांमधील चिंचोळ्या पट्टीत गावाची वस्ती असून रायगडाच्या परिसरातून येणारी काळ नदी याच भागात सावित्रीस मिळते. समुद्रापासून खाडीमार्गे सु. ४० किमी. आत असूनही दासगावला बंदराचे महत्त्व आले, ते भरतीच्या पाण्यामुळे. भरती महाडपर्यंत चढते. तथापि दासगावच्या पुढे पात्र उथळ व खडकाळ होत असल्याने मोठी गलबते येथेच थांबत. माल होड्यांतून किंवा बैलगाड्यांतून पुढे महाडच्या पेठेत जाई.

खाडीतील नौकानयन : महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपूर व महाडवरून वाहत येऊन बाणकोट व हरिहरेश्वर यांच्या दरम्यान अरबी समुद्रास मिळते. शिडाच्या नौकेने या खाडीत शिरताना पहिली अडचण येते ती मुखाजवळील वाळूच्या दांड्याची. १८५३ मध्ये आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी व तान्ही मुलगी येथेच नाव बुडून मृत्यू पावल्या. सावित्रीच्या खोऱ्यावर उभा असलेला महाबळेश्वरचा आर्थर सीट हा कडा याच मॅलेटच्या नावाने ओळखला जातो.

कोकण किनाऱ्यावर एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सु. १२ तास २५ मिनिटे लागतात. खाडीच्या मुखाशी भरती पूर्ण झाल्यावरही आतल्या भागात पाणी काही काळ चढतच असते. त्यामुळे भरतीबरोबर वर निघालेल्या नौकेस मुखाशी थांबलेल्या नौकेपेक्षा अधिक वेळ अनुकूल प्रवाह मिळतो. दुपारी समुद्रावरून वाहणारा खारा वारा शिडास मागून साह्य करी. परतताना पहाटेचा मतलई वारा व ओहोटी यांचा मेळ साधावा लागे. एका भरतीत मजल पुरी न झाल्यास तांडेल म्हाप्रळसारख्या ठिकाणी नांगर टाकून पुढील भरतीची वाट पाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती उंच चढे, तेव्हा जड गलबते वर आणणे सोपे जाई. अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत पाणी अपुरे पडे. पावसाळ्यात समुद्रावरील वाहतूक बंद होई व नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा सुरू होई.

मार्गावरील स्थळे : दक्षिण तीरावरील बाणकोटचा जांभ्या दगडातील किल्ला आंग्र्यांच्या काळात हिम्मतगड या नावाने ओळखला जाई. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने तो घेतल्यावर त्याला फोर्ट व्हिक्टोरिया हे नाव मिळाले. समोरच्या तीरावर बागमांडला व समुद्राकडे हरिहरेश्वर हे तीर्थक्षेत्र आहे. खाडीतून आत जाताना दक्षिणेस म्हाप्रळ व उत्तरेस आंबेत ही गावे लागतात. खाडीच्या वरच्या टोकास, महाडजवळ, गांधारपाले येथील बौद्ध लेणी आहेत. ‘पेरिप्लस’ या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात उल्लेखिलेले पालैपत्मै म्हणजे हेच पाले असावे, असे काही अभ्यासक मानतात. या स्थाननिश्चितीविषयी मतभेद आहेत.

इतिहास : १७५६ च्या तहाने पेशव्यांनी बाणकोट व काही गावे इंग्रजांना दिली, त्यांत दासगावचा समावेश होता. १७७१ मध्ये जेम्स फोर्ब्स हा इंग्रज लेखक या परिसरातील उष्ण पाण्याच्या झऱ्यांवर प्रकृतीसाठी येऊन राहिला होता. महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण म्हणून विकसित झाल्यावर मुंबईचे प्रवासी बाणकोट खाडीमार्गे येऊन पुढे घाट चढत. घाटावरील माल व कोकणातील मीठ, सुकी मासळी, नारळ यांची देवघेव महाडच्या पेठेत होई आणि तिचा समुद्राकडील दरवाजा दासगाव हा होता.

महाडच्या सत्याग्रहातही या जलमार्गाला महत्त्व आले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. डिसेंबरमधील दुसऱ्या परिषदेच्या वेळी धरमतर येथील मोटारमालकांनी सत्याग्रहींना नेण्यास नकार दिल्याने आंबेडकर व त्यांचे सहकारी २४ डिसेंबरला ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले आणि हरिहरेश्वरमार्गे २५ तारखेस दुपारी दासगावला उतरले. तेथे जमलेल्या हजारो सत्याग्रहींसह ते पायी महाडला गेले. त्याच दिवशी परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. रस्त्यावरील वाहने ज्यांना नाकारण्यात आली, त्यांना खाडीची वाट मोकळी होती.

ऱ्हास व सद्यःस्थिती : रस्ते व मोटारवाहतूक वाढल्यावर शिडाची गलबते व प्रवासी बोटी मागे पडल्या. मुंबई-गोवा महामार्ग दासगाववरून गेला आणि नव्वदीच्या दशकात कोकण रेल्वेही या परिसरातून धावू लागली. वरच्या डोंगरांतून येणाऱ्या गाळाने पात्र उथळ होत गेले. ज्या डोंगराच्या आश्रयाने बंदर वसले, त्याची दरड जुलै २००५ मधील अतिवृष्टीत कोसळून गावात मोठी जीवितहानी झाली. जुई, रोहन व कोंडिवते या गावांवरही तोच प्रसंग ओढवला. जुलै २०२१ मध्ये महाडला महापुराचा तडाखा बसला. त्यानंतर नदीतील गाळ काढण्याच्या प्रश्नास अधिक निकड आली.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने सावित्री नदी (बाणकोट खाडी) राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत समाविष्ट झाली. मात्र घोषणेने पात्राची खोली वाढत नाही. उंच डोलकाठीच्या नौकांना पुलांची आडकाठी होते आणि उथळ जागी आजही भरती पाहूनच जावे लागते. गाळ काढून पात्र मोकळे ठेवणे पूरनियंत्रण व नौकानयन या दोन्ही दृष्टींनी उपकारक ठरेल. बाणकोट ते दासगाव हा जुना मार्ग जलपर्यटनासाठी पुन्हा उपयोगात येणे त्यावरच अवलंबून आहे.